चुंबकाचा धडा आणि कुलाब्याची वही

आमच्या तिवशात कुठल्याही पोराला लोहचुंबक म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. ते त्याला आधीच ठाऊक असतं. कुठेतरी एखादा जुना रेडिओ नाहीतर टेप मोडीत निघतो, त्यातला स्पीकर फुटतो, आणि त्याच्या मागचा तो काळा, जड, गोल चुंबक पोरांच्या हाती लागतो. मग त्याला सुतळी बांधायची आणि रस्त्याच्या कडेने धुळीतून ओढत न्यायचा. पन्नास पावलं गेलं की चुंबकाला काळ्या बारीक कणांच्या मिशा फुटतात. त्या बोटाने काढायच्या, कागदावर ठेवायच्या, कागदाखालून चुंबक फिरवायचा आणि मिशा उभ्या राहतात, झोपतात ते बघत बसायचं. यात एक अख्खी दुपार जाते. हा खेळ मी खेळलो, माझ्या आधीच्या पिढीने खेळला, आणि मोबाईल येऊनही तो अजून पुरता संपलेला नाही.

मग हेच पोरगं शाळेत जातं आणि चुंबकाचा धडा येतो. लोखंड चिकटतं, लाकूड चिकटत नाही, पितळ चिकटत नाही. तक्ता भरा. चुंबकाला दोन ध्रुव असतात. सजातीय ध्रुवांत प्रतिकर्षण, विजातीय ध्रुवांत आकर्षण. रिकाम्या जागा भरा. हे सगळं बरोबरच आहे, त्यात चूक काही नाही. पण धुळीत बसलेल्या पोराने विचारलेला प्रश्न वेगळा होता. त्याचा प्रश्न होता, "काहून ओढते बे हे?" आणि थोडा मोठा झाला की दुसरा, "दोऱ्याला टांगला तर रोज तिकडंच काहून पाहते?" या 'काहून'चं उत्तर देणं सोपं नाही, हे मान्य. पण धड्यात तो प्रश्नच गळून पडतो, त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

गंमत म्हणजे त्या गोल स्पीकर-चुंबकाला पुस्तकातला नियमही नीट लागू पडत नाही. पुस्तकात लांब पट्टीचा चुंबक असतो, त्याच्या दोन टोकांना दोन ध्रुव. गोल चुंबकाला टोकंच नाहीत! त्याचे ध्रुव असतात त्याच्या दोन सपाट बाजूंवर. हे पोराला स्वतः शोधून काढता येतं, दोन चुंबक एकमेकांवर ठेवून बघितले की झालं. पण त्यासाठी चुंबक पोराच्या हातात असावा लागतो. मी ज्या शाळेत शिकलो तिथला लाल-पांढरा पट्टीचुंबक कपाटातल्या पेटीत असे, आणि पेटी तपासणीच्या दिवशी उघडे. असो.

चुंबकाच्या नवलाची गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. संस्कृतात त्याला 'अयस्कांत' म्हणतात, म्हणजे लोखंडाचा प्रिय. सुई लोहचुंबकाकडे सरकते याचा उल्लेख कणादाच्या वैशेषिक सूत्रांत आहे, आणि त्याचं कारण तिथे दिलंय 'अदृष्ट', म्हणजे जे दिसत नाही ते. मला हे उत्तर प्रामाणिक वाटतं. पोरांना सांगायच्या गोष्टीत मात्र बहुधा ग्रीस देशातला मेंढपाळ येतो. मॅग्नेस त्याचं नाव, त्याच्या पायताणाचे खिळे आणि काठीचं लोखंडी टोक एका खडकाला चिकटलं. ही गोष्ट पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवली आणि तेव्हापासून ती जगभरच्या पुस्तकांतून फिरते आहे. गोष्ट छानच आहे. पण त्या मेंढपाळानंतर आपलं पुस्तक थेट रिकाम्या जागांवर येतं. मधलं काहीच नाही. जणू चुंबकाशी मराठी माणसाचा संबंध फक्त परीक्षेपुरता.

तो संबंध केवढा मोठा आहे, तेच आज सांगायचंय.

पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, हे इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली पुस्तक लिहून मांडलं. सुई उत्तरेकडे बघते ती ध्रुवताऱ्यामुळे नाही, तर पायाखालच्या या चुंबकामुळे. पण हा चुंबक स्थिर नाही. त्याची दिशा आणि जोर वर्षागणिक बदलतो, दिवसाच्या प्रहरांप्रमाणेही थोडा हलतो. हे का होतं ते कळायचं तर एका माणसाने एका गावात बघून भागणार नाही. म्हणून १८३० च्या दशकात जर्मनीतल्या गटिंगेनला गाउस आणि वेबर या दोघांनी एक योजना काढली: पृथ्वीवर ठिकठिकाणी वेधशाळा असाव्यात, सगळ्यांनी एकाच वेळी सुईकडे बघावं आणि आकडे लिहून काढावेत. इंग्लंडने ही कल्पना उचलली. टोरोंटो, सेंट हेलेना, केप, होबार्ट अशा वसाहतींत चुंबकीय वेधशाळा निघाल्या. हिंदुस्थानात ते काम ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं, आणि तिच्या ठिकाणांपैकी एक होतं मुंबईचं कुलाबा.

कुलाब्याला वेधशाळा १८२६ पासून होती, जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून बांधलेली. तिथे १८४१ पासून चुंबकाचे आणि हवामानाचे वेध घ्यायला सुरुवात झाली. प्रमुख होते एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक ऑर्लिबार. आणि त्यांच्या हाताखाली नोकरीला लागला एक सोळा-सतरा वर्षांचा मराठी मुलगा. पगार महिना ५० रुपये. गाव अलिबागजवळचं नागाव. नाव केरो लक्ष्मण छत्रे.

हेच पुढचे प्रसिद्ध केरूनाना छत्रे. लोकमान्य टिळकांचे डेक्कन कॉलेजातले गणिताचे गुरू, 'ग्रहसाधनांची कोष्टके' लिहिणारे, पटवर्धनी पंचांगामागचे गणिती. आपण त्यांना ओळखतो ते ज्योतिषशास्त्रामुळे. पण ते शिकले कुठे? कॉलेजात जाऊन पदवी त्यांनी घेतली नव्हती. त्यांचं कॉलेज म्हणजे कुलाब्याची वेधशाळा. तिथे त्यांनी सुमारे दहा वर्षं काढली, म्हणजे आपली पोरं अकरावीपासून एम. एस्सी. करून नोकरीला लागेपर्यंत जेवढा काळ जातो तेवढा!

त्याच वेधशाळेचा कारभार काही काळ आणखी एका माणसाकडे होता, बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण'कार म्हणून त्यांचं नाव पत्रकार दिनाला निघतं. पण १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' नावाचं मराठीतलं पहिलं मासिक काढलं, आणि त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय मराठी विद्यार्थ्यांसाठी दिले, हे कमी जणांना ठाऊक असतं. नाव बघा, 'दिग्दर्शन'. दिशा दाखवणारं. होकायंत्राचं काम तेच.

आता तिथलं काम कसं होतं ते सांगतो, कारण या लेखाचा जीव त्यातच आहे. एक चुंबकाची पट्टी रेशमाच्या बारीक धाग्याने टांगलेली. वारा लागू नये म्हणून ती पेटीत बंद. हालचाल इतकी बारीक की जवळ जाऊन डोळ्याने दिसायची नाही. म्हणून चुंबकाला छोटा आरसा लावायचा, लांब एक दुर्बीण ठेवायची, आणि आरशात दिसणाऱ्या मोजपट्टीचा आकडा दुर्बिणीतून वाचायचा. चुंबक केसभर फिरला तरी आकडा बदलतो. वाचणाऱ्याने जवळ किल्ली, चाकू, लोखंडाचं काहीही ठेवायचं नाही. आणि हे एकदा नाही, ठरलेल्या वेळी, रात्रीसुद्धा, पावसाळ्यातही, गणपतीतही. वाचायचं, लिहायचं. वाचायचं, लिहायचं. काही ठरलेल्या दिवशी तर जगभरच्या वेधशाळांतून एकाच वेळी दर काही मिनिटांनी वाचायचं, म्हणजे कुलाब्याचा माणूस आणि टोरोंटोचा माणूस एकाच क्षणी आपापल्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेले. एकमेकांना कधीही न भेटलेले.

ही कारकुनीच म्हणायची. त्यात 'युरेका' वगैरे काही नाही. वर्षानुवर्षं नुसते आकडे. आपल्याकडे 'वैज्ञानिक' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे सफरचंद पडलेला न्यूटन येतो. वही भरत बसलेला नागावचा मुलगा येत नाही.

केरूनाना साधारण १८५१ मध्ये पुण्याला गेले आणि पुढचं आयुष्य त्यांनी शिकवण्यात घालवलं. संस्कृत पाठशाळेत, शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलमध्ये, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना, मग डेक्कन कॉलेजात. आणि मराठी शाळांसाठी त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक अंकगणिताचं, दुसरं पदार्थविज्ञानशास्त्राचं. इथे मला थांबून विचार करावासा वाटतो. मराठी मुलांसाठी पदार्थविज्ञानाचं पुस्तक लिहिणारा माणूस, ज्याने दहा वर्षं स्वतःच्या डोळ्यांनी चुंबकाची थरथर वाचली होती! बघणारा आणि शिकवणारा एकच. आज आपण हे दोन माणसांत वाटून टाकलं आहे. बघणारा अलिबागला किंवा पनवेलला, शिकवणारा तिवशाला, आणि पुस्तक तिसऱ्याच कोणी लिहिलेलं. शिकवणाऱ्याने कधी बघावं, बघणाऱ्याने कधी शिकवावं, अशी सोयच राहिली नाही.

बरं, त्या वहीचं पुढे काय झालं? ते सांगितलं नाही तर घरची मंडळी म्हणतील, "एवढे आकडे लिहून मिळालं काय?" वऱ्हाडी माणसाचा हा प्रश्न रास्त आहे.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे गृहस्थ सूर्यावरचे डाग कागदावर काढत बसले होते. अचानक एका डागाजवळ डोळे दिपवणारा प्रकाश चमकला आणि काही मिनिटांत विझला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. अमेरिकेत तारायंत्राच्या तारांत आपोआप वीज खेळू लागली. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटरी काढून टाकून त्याच विजेवर निरोप पाठवले. ध्रुवाकडे दिसणारे रंगीत प्रकाश पार उष्ण प्रदेशांजवळ दिसले.

युरोपातल्या अनेक वेधशाळांत चुंबक इतका फिरला की नोंद मोजपट्टीच्या बाहेर गेली. आपल्याकडे तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ चालू होती. कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं नेहमीप्रमाणे दुर्बिणीला डोळा लावून होती. आकडे भराभर पडू लागले तशी त्यांनी एरवी तासातासाने होणारी नोंद काही मिनिटांच्या अंतराने घ्यायला सुरुवात केली. कोणी साहेब शेजारी उभा राहून "इतिहास घडतोय" म्हणाला असेल असं नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की आकडा पळतोय तर आपणही वहीत पळालं पाहिजे.

ती पानं छापली गेली आणि कपाटात पडून राहिली. जवळजवळ दीडशे वर्षं! २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि ॲलेक्स या चौघांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यातले लखिना आणि ॲलेक्स आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. त्यांनी कुलाब्याचे ते आकडे पुढे ठेवून दाखवलं, की त्या सकाळी मुंबईत पृथ्वीच्या चुंबकाचा आडवा जोर सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला होता. नॅनोटेस्ला म्हणजे काय ते बाजूला ठेवा. मूळ जोराच्या साधारण चार टक्के, असं समजा. तुलनेला एक उदाहरण देतो. १३ मार्च १९८९ रोजी याहून बऱ्याच लहान वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली, साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात. म्हणजे १८५९ सारखं वादळ आज आलं तर विजेच्या जाळ्यांचं, उपग्रहांचं काय होईल, याचा हिशेब करताना जगातले शास्त्रज्ञ ज्या मोजक्या नोंदींकडे वळतात त्यांत कुलाब्याची वही आहे. कुलाब्याच्या आकड्याचा नेमका अर्थ काय लावायचा यावर अजून वाद चालतात. पण वाद घालायला आकडा आहे, कारण तो कोणीतरी लिहिला.

"मिळालं काय" याचं उत्तर हे. लिहिणाऱ्याला काहीच मिळालं नाही. दीडशे वर्षांनी सगळ्यांना मिळालं.

पुढची गोष्ट मला त्याहून आवडते, कारण तिच्यात एक ट्राम आहे. १८७२ पासून कुलाब्याला चुंबकाची नोंद फोटोच्या कागदावर आपोआप होऊ लागली. प्रकाशाचा ठिपका कागदावर रेघ काढत जाई. तेव्हा प्रमुख होते चार्ल्स चेंबर्स. १८९६ साली नानाभाई मूस प्रमुख झाले, या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. आणि त्यांच्यापुढे संकट आलं ते मुंबईच्या प्रगतीचं. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह वाहिला की भोवती चुंबकत्व येतं. कुलाब्याचा चुंबक पृथ्वीचं ऐकायच्या ऐवजी ट्रामचं ऐकू लागला असता. ट्राम थांबणार नव्हती. मग वेधशाळेनेच गाव बदललं.

जागा ठरली अलिबाग. (इथे घोटाळा नको. मुंबईचं कुलाबा वेगळं आणि अलिबाग ज्या जिल्ह्यात होतं तो कुलाबा जिल्हा वेगळा. त्याच जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं.) १९०४ मध्ये तिथे इमारत उभी राहिली. कोकणातला काळा दगड चालणार नव्हता, कारण त्यातच चुंबकी कण असतात. म्हणून पोरबंदरचा दगड आणला, आणि खिळे, बिजागऱ्या लोखंडाच्या न लावता पितळ-तांब्यासारख्या धातूंच्या लावल्या. आणि मग मूस यांनी जे केलं त्याला मी दाद देतो. नवी वेधशाळा सुरू झाली म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंद चालू ठेवली, म्हणजे दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळावा आणि साठ वर्षांची साखळी तुटू नये. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. तोवर चुंबक सुखरूप खाडीपलीकडे गेला होता. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन जाड खंडांत छापून दिल्या. अलिबागच्या नोंदी त्यानंतरही पिढ्यानपिढ्या चालत राहिल्या. केरूनानांचं नागाव तिथून हाकेच्या अंतरावर!

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबई-कोकणाचं झालं. तिवशाचा यात काय संबंध? सांगतो.

त्या काळ्या दगडाची आठवण ठेवा, जो अलिबागला चालला नाही. तोच दगड आपल्या वऱ्हाडाखाली पसरलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून थरावर थर लाव्हा वाहिला, थंड झाला, त्याचा हा बेसाल्ट. आपली कपाशीची काळी जमीन त्याच दगडाची झालेली माती. पोरांच्या चुंबकाला धुळीत ज्या काळ्या मिशा फुटतात ते बहुतेक याच दगडातून सुटलेले मॅग्नेटाइटचे कण. पोरं म्हणतात 'लोखंडाचा कीस', पण तिथे कुठल्या लोहाराने कानस चालवलेली नसते. कौंडण्यपूरला वर्धेच्या वाळूत चुंबक फिरवा, तिथेही तेच.

आणि या कणांनाही वही आहे. लाव्हा थंड होताना त्यातले हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणे दिशा धरतात आणि दगड घट्ट झाला की तसेच राहतात. जणू दगडात गोठलेली होकायंत्रं. १९५० च्या दशकात आपल्या दख्खनच्या दगडांवर हा अभ्यास झाला. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी, आणि त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी. दगडातली दिशा आजच्या दिशेशी जुळत नव्हती. दगड सांगत होता, की मी थंड झालो तेव्हा हा देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात ही गोष्ट तेव्हा अनेक मोठ्या शास्त्रज्ञांना पटत नव्हती. ती पटवणाऱ्या पुराव्यांत आपला काळा दगडही आहे. ज्याच्या पायऱ्या करून आपण त्यावर धुणं आपटतो, तो!

आता परत वर्गात येऊ. महाराष्ट्रात २०१६ साली आलेल्या सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'चुंबकाची गंमत' असा पाठ होता. नाव मला आवडलं, कारण गंमतीनेच सुरुवात व्हायला हवी. पण गंमत संपल्यावर पुढे काय, तर माझं म्हणणं एवढंच, की पुढे वही हवी. तक्ता भरायची नव्हे, बघितलेलं लिहायची.

करायला सोपं आहे. घरातली शिवणाची सुई घ्यायची. स्पीकरच्या चुंबकाच्या एकाच बाजूने, एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासायची. मागे-पुढे नाही, दर वेळी उचलून परत सुरुवातीपासून. थर्माकोलच्या चकतीवर नाहीतर झाडाच्या पानावर ठेवून पाण्यात सोडायची. भांडं मातीचं परळ किंवा प्लास्टिकचा टब. स्टीलची परात नको, कारण काही स्टील स्वतःच चुंबकाला धरतं. सुई हळूहळू फिरते आणि थांबते. थांबते ती उत्तर-दक्षिण. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, म्हणजे आपली सुई बरीच खरं बोलते.

मग दुसरी सुई दोऱ्याला मधोमध बांधून टांगायची. आधी न घासलेली टांगायची आणि दोरा सरकवून ती आडवी, सरळ राहील असं करायचं. मग तीच सुई घासून, त्याच जागी बांधून परत टांगायची. आता तिचं उत्तरेचं टोक खाली झुकायला बघतं. पोरं म्हणतात, "दोरा सरकला." नाही सरकला. पृथ्वीच्या चुंबकाचा ओढा आपल्याकडे सरळ आडवा नाही, तो जमिनीत तिरपा घुसतो, तिवशाला साधारण तीस अंशांच्या आसपास. सुईचं वजन आड येतं म्हणून ती पूर्ण तेवढी झुकत नाही, पण झुकते. पायाखाली काहीतरी आहे, हे पोराला पहिल्यांदा खरोखर कळतं ते इथे. मग विचारावं, की सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे ओढलं जातं, तर विजातीय ध्रुवांच्या नियमाने तिकडे कुठला ध्रुव असला पाहिजे? (दक्षिण! पृथ्वीच्या पोटातल्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव आपल्या उत्तरेला आहे. हे ऐकून मोठी माणसंही थोडा वेळ गप्प होतात.)

आणि तिसरं, सुईजवळ मोबाईल आणा, मोटारसायकल आणून उभी करा, आणि काय होतं ते लिहा. ट्राम आल्यावर मूस यांना गाव का सोडावं लागलं ते सांगायला मग वेगळं भाषण लागणार नाही.

कुलाब्याला दिसत होती ती रोजची बारीक हालचाल आपल्या सुईला दिसणार नाही, हे पोरांना खरं खरं सांगावं. ती एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. त्यासाठी रेशमाचा धागा, आरसा आणि दुर्बीण लागते. पण "आज सुई कालच्याच दिशेला होती" हीसुद्धा नोंदच आहे. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं. रोज चार ओळी. कोणी दिवशी वेगळं दिसलं तर का दिसलं ते शोधायचं. बहुधा शेजारी कोणी सायकल लावलेली असेल. ते शोधणं म्हणजेच विज्ञान, असं मी समजतो. 'काहून'चं अख्खं उत्तर कोणाच्याच खिशात नसतं. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड फिरतं आणि त्यातून हे चुंबकत्व येतं, एवढं आज आपण सांगू शकतो, तरी तपशिलाचं पुष्कळ अजून शोधायचंच आहे. कणादाचं 'अदृष्ट' बरंच दृष्ट झालं आहे, सगळं नाही. पोराला हे सांगायला लाजायचं कारण नाही. उलट "तुझ्यासाठी थोडं शिल्लक आहे" हे ऐकून त्याचे डोळे चमकतात.

वाचणाऱ्या शिक्षकमित्रांना एक विनंती. या वर्षी चुंबकाचा धडा आला की मेंढपाळाची गोष्ट सांगाच, पण तिच्या मागोमाग केरूनानांची सांगा. पन्नास रुपये पगार, रेशमाचा धागा, रात्रीची दुर्बीण आणि वही. आणि नात्यातल्या सगळ्या पोरासोरांना निरोप: दिवाळीत तिवशाला येताना घरातला फुटका स्पीकर फेकू नका, घेऊन या. सुया मी आणून ठेवतो. वह्या तुमच्या तुम्ही आणा, कोऱ्या.